तोंडी माप

गल्लीच्या तोंडाशी जिचं शिवणाचं दुकान होतं, तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडात कायम दोनचार टाचण्या धरून ती बोलायची, म्हणून हे नाव पडलं असेल असं गिऱ्हाइकांना वाटायचं. खरी गोष्ट अशी, की ते नाव तिच्या आईनं ठेवलेलं, आणि तेही वैतागून. पोरगी काही केल्या अंगानं भरेना. दूध झालं, लोणी झालं, औषधं झाली, पण खाल्लेलं अंगाला लागेल तर शप्पथ. घरी कुणी आलं की आई तिला काहीतरी काम काढून आत पाठवायची आणि धाकटीला पुढं करायची. धाकटी म्हणजे ढब्बू. गाल असे, दंड असे, मनगटाला वळ्या. लोक तिचा गालगुच्चा घ्यायचे आणि म्हणायचे, खात्यापित्या घरचं लेकरू आहे हो. आईचा चेहरा तेवढ्यानं उजळायचा. ढब्बू हे त्या घरात लाडाचं नाव होतं, आणि टाचणी ही शरमेची बाब होती. हे आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

टाचणीनं शिवण शिकलं ते एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंकडे. मास्तरीणबाईंनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, शिवणीच्या आत दीड इंच माया सोडायची. माया म्हणजे जादाचं कापड, आत दुमडून ठेवलेलं. माणसाचं अंग काही दगडाचं नसतं, त्या म्हणायच्या, उद्या उसवायची वेळ आली तर माया हवी. दुसरी गोष्ट तोंडी मापाची. टेपवर दिसतं ते माप वहीत जातं, पण गिऱ्हाइकाच्या कानावर जातं ते वेगळं. तेव्हा मुलींना भरलेलं दिसायचं असायचं, म्हणून एक इंच वाढवून सांगायचं. बत्तीस असेल तर मोठ्यानं म्हणायचं तेहेतीस. वही लिहिणारा आपोआप एक वजा करून लिहितो. पोरगी खूश, तिची आई खूश, आणि झगा मात्र बरोब्बर बत्तिसाचा.

पुढं टाचणीनं स्वतःचं दुकान टाकलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ढब्बूनं लग्न केलं नव्हतं, ती तिच्याकडेच राहायला आली. खाली दुकान, वर दोन खोल्या. काजं, बटणं, तुरपाई आणि वही ही ढब्बूची कामं. टाचणी टेप धरून आकडा ओरडायची, आणि ढब्बू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एक वजा करत लिहायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग कधीतरी जगाचं डोकं फिरलं. कधी ते नेमकं सांगता येत नाही, पण टाचणीला कळलं तो दिवस तिच्या पक्का लक्षात होता. एक बाई माप द्यायला आली होती. टाचणीनं टेप गुंडाळला, अडतीस निघालं, आणि सवयीनं ती ओरडली, एकोणचाळीस. बाईनं तिच्याकडे असं रोखून पाहिलं, जसं काही टाचणीनं तिला भर बाजारात शिवी दिली होती. कापड उचललं आणि निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. दोघी बहिणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आपण त्या बाईचं कौतुक करत होतो, आणि बघा! त्या दिवसापासून टाचणीनं हिशेब उलटा केला. टेप दाखवेल त्यापेक्षा एक इंच कमी ओरडायचं, आणि ढब्बूनं एक वाढवून लिहायचं. दुकान पुन्हा रुळावर आलं. खोटं बोलायला काही कष्ट पडत नाहीत, फक्त कोणत्या बाजूनं बोलायचं ते माहीत पाहिजे.

ढब्बूचं मात्र सगळंच उलटं झालं. ती होती तशीच होती, तिच्याभोवतीचं जग सरकलं. कालपर्यंत जे लोक तिला बाळसेदार म्हणायचे तेच आता तिला बघून जिना किती मजबूत आहे असं विचारायचे. दवाखान्याच्या भिंतीवर वजनाचा एक तक्ता होता, हिरवा, पिवळा, लाल. ढब्बू त्यात कित्येक वर्षं पिवळ्यात होती. एके वर्षी तक्ता बदलला, आणि नर्सबाईनं काट्यावरचा आकडा बघून बोट लालवर टेकवलं. ढब्बू म्हणाली, अहो, मागच्या वर्षीपेक्षा मी अर्धा किलो उतरलेय. नर्सबाई म्हणाली, असेल, पण आता लाल इथपासून धरतात. घरी येऊन ढब्बूनं नक्कल करून दाखवली आणि दोघी पोट धरून हसल्या. नंतर ढब्बू खाली मान घालून काजं करत बसली.

आणि समोरचा घड्याळवाला. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचा, गोड बोलायचा. ढब्बू तिशीत होती तेव्हा त्यांचं काहीतरी जुळत आलं होतं. तो म्हणाला, तू स्वभावानं लाखात एक आहेस, फक्त थोडी तब्येत उतरव, मग पुढचं ठरवू. ढब्बूनं तीन महिने उपाशी काढले, इस्त्रीच्या टेबलाशी चक्कर येऊन पडली, आणि किलो उतरले चार. पुढचं काही ठरलं नाही. त्यानंही कुणाशी लग्न केलं नाही. समोरासमोरच्या दुकानांत अठरा वर्षं दोघं आपापलं काम करत राहिली. ढब्बू त्याच्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, पण तिचं स्टूल होतं त्या कोपऱ्यातून त्याचं दुकान सरळ दिसायचं.

ढब्बू अठ्ठेचाळीसची झाली आणि वाळायला लागली.

पहिल्यांदा ताटात दोन घास उरायला लागले. मग अर्धं ताट. टाचणीला वाटलं, पुन्हा घेतलंय वाटतं डोक्यात. महिन्याभरात झगे ढगळ झाले. इतकी वर्षं ढब्बूचे कपडे फक्त उसवायचे असत, आत दुमडलेली माया दर दोन वर्षांनी बाहेर यायची. आता पहिल्यांदा टाचणी ते आवळायला बसली. तिला कोण आनंद झाला! ढब्बूला आरशासमोर उभी करून ती चारी बाजूंनी टाचण्या लावायची, आणि तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणायची, काय सुंदर दिसतेस गं. ढब्बूची मापं ती स्वतःच लिहायची, कारण ढब्बू टेपात अडकलेली असायची. आकडा मोठ्यानं सांगताना सवयीनं एक इंच कमी सांगायची. ढब्बूला ती खोड माहीत होती, तरी ऐकून ती हसायची.

गल्लीतले लोक तर वेडेच झाले. काय खातेस, काय सोडलंस, कुठं जातेस? काही नाही गं, ढब्बू म्हणायची, आपोआप झालं. यावर कोण विश्वास ठेवणार? एक बाई तर चिडली, म्हणाली, गुपित एवढं उराशी धरून काय वर घेऊन जाणार आहेस? ढब्बू नाव हळूहळू मागं पडलं. आणि चौथ्या महिन्यात घड्याळवाला रस्ता ओलांडून दुकानात आला. रिकामाच आला, दुरुस्तीचं काही नव्हतं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोज चारच्या सुमाराला यायचा आणि अर्धा तास बसायचा. ढब्बू चहाचा एक घोट घेऊन कप तसाच ठेवायची, पण तिचे डोळे असे चमकायचे की टाचणीला भरून यायचं.

सहाव्या महिन्यात माप घेताना टाचणीच्या बोटांना काहीतरी खटकलं. तीस वर्षं माणसांची अंगं मोजलेली बाई ती. अंग उतरतं कसं हे तिला पाठ होतं. आधी पोट सैल पडतं, दंड आणि गळा सगळ्यात शेवटी. ढब्बूचं उलटं होतं. दंड सोळावरून बारावर आला होता, खांद्याचं हाड टेपखाली टोचत होतं, आणि कंबर मागच्या वेळी सदतीस होती ती साडेअडतीस भरली. घट्ट साडेअडतीस. टाचणीनं टेप सोडला आणि पुन्हा लावला. तेच. कुठंतरी पाणी मुरत होतं, हे तिला तिथंच, त्या क्षणी कळलं. खोटं कशाला सांगायचं?

पण समोर आरशात ढब्बू श्वास रोखून उभी होती. चार वाजायला आले होते. टाचणी म्हणाली, छत्तीस.

आणि वहीतही तिनं छत्तीसच लिहिलं. तीस वर्षांत वहीत तिनं खोटा आकडा कधी घातला नव्हता. तोंडानं सांगितलेलं हाताला खरं वाटलं की काय, कोण जाणे. पुढच्या महिन्यात टेप चाळीसवर गेला तेव्हा तिनं पस्तीस लिहिलं, आणि झग्याला कंबरेखाली चुण्या घातल्या. मनाची समजूत घातली की पोटात वारा धरला असेल, या वयात होतं असं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी ढब्बू काज करता करता स्टुलावरून खाली कोसळली. इस्पितळात नेली. डॉक्टर तरुण होत्या, घाईत नव्हत्या. वजन कधीपासून कमी होतंय, त्यांनी विचारलं. टाचणीनं पिशवीतून वही काढली. एवढं कुणाकडे लिहिलेलं नसतं, त्या म्हणाल्या, आणि तारखा बघत बोट खाली नेऊ लागल्या. कंबर अगदी शेवटपर्यंत कमीच होत गेली दिसते, म्हणजे पोटातलं पाणी या पंधरवड्यातलं असणार, असं त्या बरोबरच्या डॉक्टरांना सांगू लागल्या. तेव्हा टाचणीला बोलावंच लागलं.

"वही खोटी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "पोट दोन महिन्यांपासून वाढतंय. मी कमी लिहिलं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. कमी का लिहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होती? जठरात गाठ होती, ती पसरली होती. दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर, टाचणीनं विचारलं. सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या, कदाचित. हा एक शब्द टाचणीच्या छातीत रुतला तो रुतलाच. आता कापाकापीत अर्थ नाही, घरी न्या आणि दुखू देऊ नका, असं त्यांनी समजावून सांगितलं.

ढब्बूची खाट टाचणीनं खाली दुकानातच लावली, म्हणजे मशीनवरून लक्ष ठेवता येईल. गिऱ्हाईकं यायची, हळू बोलायची, जायची. घड्याळवाला दोनदा आला, पण ढब्बूनं दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड केलं, म्हणून टाचणीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. सहा दिवस टाचणीनं कळ काढली. सातव्या दिवशी दुपारी, ढब्बूला उशीला टेकवून बसवलं असताना, तिनं सगळं ओकून टाकलं. साडेअडतीस होतं गं, मी छत्तीस सांगितलं. चाळीस होतं, पस्तीस लिहिलं. मी तुझी वैरीण आहे. असं म्हणून ती ढसाढसा रडली.

ढब्बू तिचं रडणं संपेपर्यंत थांबली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू वर गेलीस की मी टेप घेऊन मोजायचे."

टाचणीला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग बोलली का नाहीस, तिनं विचारलं. ढब्बूनं सांगितलं की दुखणं तिसऱ्या महिन्यापासूनच होतं, संडासातून काळं जायचं, आणि हे चांगलं नाही एवढी अक्कल तिला होती. दवाखान्याच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊनही आली होती.

"आत का नाही गेलीस मग?"

"आत गेले असते तर त्यांनी मला बरं केलं असतं," ढब्बू म्हणाली. "आणि मी पुन्हा ढब्बू झाले असते."

हे ती रागानं म्हणाली नाही, रडतही म्हणाली नाही. एखादं माप सांगावं तसं सांगितलं. टाचणीनं तिचा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. अठरा वर्षांत तेवढेच पाच महिने बहिणीला सुखाचे मिळाले होते, आणि ते कशाचे होते हे दोघींनाही ठाऊक होतं.

ढब्बू त्यानंतर अकरा दिवसांनी गेली. सगळं आटोपल्यावर घड्याळवाला दुकानात आला आणि चहाच्या वेळी बसायचा त्याच खुर्चीवर बसला. त्याचे डोळे सुजलेले होते, खरोखरचं रडला होता तो. म्हणाला, "एक सांगू? जाताना किती सुंदर दिसत होती हो."

टाचणीच्या अंगाचा भडका उडाला. हातात कात्री होती ती तिनं टेबलावर आपटली, आणि चालता हो, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडेना. सुंदर हा शब्द तिनं स्वतः सहा-सात महिने बहिणीला आरशासमोर उभं करून ऐकवला होता, त्याच्या किती तरी आधीपासून. तिनं कात्री बाजूला सरकवली आणि त्याला पाणी आणून दिलं.