नॅनो भरले

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नव्हतं. आजीनं शपथ घातली होती. पण आता लपवण्यासारखं काय उरलंय, ते तुम्हीच ठरवा.

आमची आजी धवलारीण. शिरवण्यात कुणाचंही लग्न असो, धवले गायला तीच लागते. तिचे पुढचे दोन दात हलायला लागले. हिरड्या सुजून खालचं हाड झिजलं होतं. दात पडले तर गाण्यातून नुसती हवा येणार, आणि पुढच्या महिन्यात आत्याच्या मुलीचं लग्न!

डॉक्टरांनी हिरडी उघडून आत जेल भरलं. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात. त्यांना म्हणायचं नॅनो. त्यांच्या आधारानं हाड पुन्हा भरायला लागतं. वरून टाके घातले आणि दिवसभर तोंड बंद ठेवायला सांगितलं.

आजीनं आधीच बजावलं होतं, "उरनला आत्याला कलव. दुसऱ्या कोनाला नको गो. धवलारनीचे दात हलतान म्हनून हसतील."

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. दवाखान्यात मोबाईल तोंडाशी धरून मी पुटपुटले, "नॅनो भरले. आजी आज बोलणार नाही. फोन करू नकोस." मोबाईलनं ते लिहून घेतलं. मी न वाचताच आत्याला पाठवलं.

दुपारी दारात टेम्पो थांबला. आत्या रडत उतरली. मागून तळवलीची मावशीआजी, हातात हार, आणि टेम्पोभर रडणारे नातेवाईक. दार उघडलं माझ्या आजोबांनी. त्यांचं नाव नाना.

"कोन गेला?" त्यांनी विचारलं.

आत्या जागीच थिजली. मागच्यांना नाना दिसत नव्हते, त्यांचं रडणं चालूच. शेवटी आजी उठली आणि ओरडली, "नाना जिते हायत!"

लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रडणं थांबलं. मग सगळ्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं.

"धवलारनी, दातांना काय झाला गो?" मावशीआजीनं विचारलं.

मी मोबाईल उघडला. त्यात लिहिलं होतं, 'नाना वारले. आजी आज बोलणार नाही. फोन करू नकोस.'

टाके शाबूत राहिले, हे नशीब. हार नानांनी ठेवून घेतला. शिक्षा मला झाली. रोज 'नाना बरे आहेत' असं हातानं टाइप करायचं, घरभर ऐकू जाईल असं वाचायचं आणि मगच आत्याला पाठवायचं. आजचा मेसेज राहिलाय. नाना हाका मारताहेत, तेव्हा मी आता जाते.