डावीकडचा खटका
परवा शेजारी कोणीतरी सोल्डरिंग करत होतं, तो वास आला आणि मला धायरीच्या घराची गच्ची आठवली. निवृत्तीनंतर तुमच्या आजोबांना ड्रोन बांधायचा नाद लागला होता. त्या सकाळी त्यांनी ड्रोनचा तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर बदलून नवा, जास्त चपळ बसवला, पण तोल किती जोराने सावरायचा याचे आकडे त्यात जुन्याचेच भरले, कारण इतके जमून आलेले आकडे टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं. "कितपत थरथरतो ते हातात धरून बघतो," म्हणत त्यांनी तो खालून धरून डोक्यावर उचलला आणि रिमोट माझ्याकडे दिला. मी वेगाची दांडी जराशी वर केली. पंखे फिरले, ड्रोन त्यांच्या हातात थडथडू लागला, आणि मी घाबरून दांडी पार खाली ओढली तरी तोल सावरायच्या धडपडीत पंख्यांचा आवाज चढतच गेला. सोडला तर अंगावर येणार, धरून ठेवला तर बोटं जाणार. "बाईसाहेब, सवड मिळाली की डावीकडचा खटका खाली करा," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, पण चेहरा पांढराफटक पडला होता. मी खटका ओढला आणि सगळं एकदम शांत झालं. त्यांची मूठ मात्र सुटेना; मी एकेक बोट हळूच सोडवलं. अजूनही संध्याकाळी फिरताना त्यांचा हात धरला की माझा अंगठा आधी त्यांच्या बोटांवरून फिरतो. त्यांना ते प्रेम वाटतं, आणि मी तसंच वाटू देते.