दहा बोटांचा उजेड

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातात राहत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण जेवायच्या आधी डब्यातल्या भाजीवर जांभळा दिवा धरणारी बाई तुम्ही तरी कुठे पाहिली असेल?

आमच्या ताई धरायच्या. भाजीचा कण कागदाच्या पट्टीवर टेकवायचा, खोलीत अंधार करायचा, हातातला छोटा दिवा पट्टीवर न्यायचा आणि हळूच म्हणायचं, "दिवा बघू या."

मी त्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. ताई तिथे संशोधन करायच्या. चंद्रपूरकडच्या, माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून ताई. त्या मला मावशी म्हणायच्या.

पदार्थ टिकावा, रंग उजळ राहावा म्हणून त्यात सल्फाइट घालतात. काहींना त्याने दम लागतो. ताईंनाही लागायचा. लहानपणी लग्नात बाटलीतलं सरबत पिऊन त्या मांडवातच घुसमटल्या होत्या. ते कशाने झालं हे घरात कुणाला कळलंच नाही, दृष्ट काढली म्हणे. मोठेपणी त्यांनी असं रसायन बनवलं की सल्फाइट भेटलं की ते जांभळ्या दिव्याखाली निळं उजळावं. पट्टीला तेच लावलेलं असायचं. गंधकाची धुरी दिलेला पिवळा बेदाणा टेकवला की पट्टीवर चांदणं पडायचं. काळ्या मनुकेला नुसता अंधार. मी फडकं हातात धरून बघत राहायची.

एका उन्हाळ्यात कोऱ्या नळ्या उजळायला लागल्या. कोरी म्हणजे जिच्यात पाणी आणि ताईंचं रसायन, दुसरं काही नाही. तिने अंधारातच राहायला हवं. प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी नळी उचलून बघितली आणि मला म्हणाले, "मावशी, भांडी धुवायचं लिक्विड आपल्याकडे फुकट मिळतं. वापरलंत तरी चालेल." सगळे हसले. जाताना मात्र ते हळू आवाजात म्हणाले की असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल.

मी नळ्या दोन-दोनदा धुतल्या. त्या तरीही उजळायच्या. या पगारावर माझं घर चालायचं. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी धायरीतल्या आचारीकाकांकडून उचल घेतली होती, ती मी रोज पहाटे त्यांचा लसूण सोलून फेडत होते. एक काम सुटलं तर दुसऱ्याने पुरलं नसतं.

मग एक दिवस ताई माझ्या मोरीजवळ स्टूल घेऊन बसल्या.

"काय करून राहिल्या मावशी?"

हातमोज्यांतून नळ्या निसटतात म्हणून मी मोजे काढले होते आणि नळ्यांच्या तोंडात बोटं घालून त्या उचलत होते. ताईंनी माझा हात नाकाशी नेला. मग रसायन लावलेला एक मोठा कागद समोर ठेवला आणि दहाही बोटं टेकवायला सांगितली.

"मला सही येते ताई, अंगठा कशाला?"

त्या हसल्या, अंधार केला. "दिवा बघू या."

कागदावर दहा निळे दिवे लागले होते. बोटांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या, नदीच्या वाळूवर पाण्याने काढाव्यात तशा. मला रडू येत होतं आणि नजर हटवतही नव्हती. इतकं सुंदर माझ्या हातून कधी काही झालं नव्हतं, आणि त्यानेच माझं काम जाणार होतं.

लसणाचं सगळं सांगितलं. मोजे घालीन, सरांना कळू देऊ नका म्हणाले. ताईंनी दिवा पुन्हा कागदावर धरला.

"मोजे घालाच. पण माझ्या रसायनाला लसूण आणि सल्फाइट यातला फरक कळत नाही बाप्पा. उद्या कुणाच्या घरची चटणी उजळली तर ते लोक काय समजतील?"

सरांना त्यांनी सांगितलं की रसायनात दोष आहे, ते लसणानेही उजळतं, पुन्हा बनवते. सर म्हणाले, "छान. म्हणजे इतके दिवस आपण लसूण शोधत होतो." माझं नाव निघालं नाही. ताईंची शिष्यवृत्ती मात्र मधेच संपली. त्यानंतरही त्या येत राहिल्या, संध्याकाळी हडपसरला शिकवण्या घ्यायच्या.

रसायनाची नवी भुकटी झाली की पहिली परीक्षा माझ्या बोटांची. "धुवून येऊ नका हं," असा निरोप आदल्या दिवशीच यायचा. दर वेळी दिवे लागायचे. ताई कागद बाजूला ठेवायच्या.

मग एका दुपारी दिवे लागले नाहीत. शेजारी बेदाणा लखलखत होता आणि माझी दहा बोटं अंधारात. ताईंनी माझे लसणाचे हात धरून गालाला लावले.

त्यानंतर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशी दाखवल्या. लसणाचं पाणी दिलेल्या निजलेल्या, सल्फाइट दिलेल्या जाग्या. पाण्याखाली एखादं गाव असावं आणि घराघरांत कुणी कंदील लावावा, तसं. ताई कुजबुजत होत्या, मोठ्याने बोललं तर ते गाव विझेल अशा.

पुढे त्या परदेशी गेल्या. जाताना जुन्या, चुकणाऱ्या रसायनाचा एक कागद मला देऊन गेल्या. तो मी जपून ठेवला.

परवा पहाटे शेवटचा लसूण सोलला. हात न धुताच कामावर आले, कागदावर बोटं टेकवली. ताईंच्या जागी आता दुसरं कुणी बसतं, पण तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मी अंधार केला, जांभळा दिवा धरला आणि त्यांचे शब्द मीच म्हटले.

दहाही दिवे लागले. एकटीने बघितले.

संध्याकाळी काकांकडे गेले. आता लसूण कोण सोलणार, तुमचे ते सर का, असं ते कुरकुरले. मग मी दिलेले उरलेले पैसे घेतले, बोटाला थुंकी लावून मोजले आणि म्हणाले, "पुरती फिटली बघा उचल."