बिनपगारी कॅप्टन

आमच्या साडूंइतका जमिनीवर छळणारा वैमानिक उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आकाशात ते कसे वागतात हे मी सांगू शकत नाही, कारण त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची हिंमत मी कधी केली नाही. पण जमिनीवर त्यांनी आम्हा नातेवाइकांना जे भोगायला लावलं आहे, त्यावरून विमानाच्या सोशिकपणाबद्दल मला आदर वाटतो. साडू लासुर्ण्याचे ऊस बागायतदार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, यजमान. पन्नाशी उलटल्यावर आमच्याकडची माणसं गुडघ्याला तेल लावतात, देवळाच्या जीर्णोद्धार समितीत शिरतात, फार तर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. साडू उठले आणि बारामतीच्या विमानतळावर एका प्रशिक्षण संस्थेत जाऊन आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसले. हवामानाच्या पेपरात नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले आणि शेवटी खाजगी वैमानिकाचा परवाना घेऊनच घरी आले. या परवान्यावर माणसाला संस्थेचं छोटं विमान भाड्यानं घेऊन उडवता येतं, ओळखीच्या माणसाला शेजारी बसवता येतं, फक्त त्याचे पैसे घेता येत नाहीत. हौस म्हणून उडायचं. साडूंनी ही अट एखाद्या पदवीसारखी मिरवली.

परवाना मिळाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते शिंप्याकडे जाण्याचं. खांद्यावर सोनेरी पट्टे असलेला पांढरा सदरा त्यांनी शिवून घेतला. हौशी वैमानिकाला पट्टे नसतात, हे त्यांना संस्थेतल्या पोरांनी अदबीनं सांगून पाहिलं. "नसतात म्हंजी? मनाई हाय का?" असा त्यांचा सवाल होता, आणि मनाई कोणाला दाखवता येईना. पुढं त्यांच्या मुलीनं एका विमान कंपनीत वैमानिक असलेल्या मुलाशी लग्न ठरवलं. साखरपुड्याला तो गणवेशात आला नव्हता, पण फोटोत त्याच्या खांद्यावर तीन पट्टे होते. आमच्या साडूंच्या खांद्यावर चार. मांडवात त्यांनी व्याह्यांना हा फरक इतक्या वेळा आणि इतक्या सहज दाखवला, की व्याहीबुवा शेवटी खुर्ची उचलून आचाऱ्याजवळ जाऊन बसले.

विमान चालू करण्याआधी एकेक गोष्ट मोठ्यानं उच्चारून तपासायची असते म्हणे. ही सवय साडूंनी विमानापुरती ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांची जीपसुद्धा "ब्रेक, आहे, डिझेल, आहे, मागचं दार, बंद" झाल्याशिवाय हलत नाही. एकदा आम्ही सगळे मोरगावला दर्शनाला निघालो होतो. ऊन डोक्यावर चढलं तरी जीप दारातच, कारण डावा इंडिकेटर लागत नव्हता आणि कॅप्टन निघायला तयार नव्हते. "अहो दाजी, मोरगावला सगळी उजवीच वळणं आहेत," असं माझी बायको काकुळतीला येऊन खोटंच म्हणाली. "परत येताना काय उलटं चालवू?" दाजी म्हणाले. शेवटी आम्ही एसटीनं गेलो. आक्का कुकर लावतात तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, "रिंग?" आक्का म्हणतात, "आहे." "शिट्टी?" "आहे." "पाणी?" मग मात्र आक्का पळी उगारतात.

वरून दिसणाऱ्या गोष्टी वरच ठेवाव्यात एवढं तारतम्य त्यांना नाही. उतरल्यावर जो भेटेल त्याला ते त्याच्याच शेताची बातमी देत. पाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "तात्या, तुमच्या उसाला मधी टक्कल पडलंय. कडंनं दाट हाय म्हणून तुमाला कळंना." तात्या भडकले. "आमी काय टक्कल बघाय तुला वर पाठिवलाय का? खाली उतर आन् सोताच्या रानातलं तण काढ!" टक्कल खरंच होतं, पाइप फुटून तिथं पाणीच पोचत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पुढं दोन भावांच्या बांधाच्या भांडणात दोघांनीही साडूंना साक्षीला बोलावलं. साडूंनी बांध वरून पाहिला होता आणि तो दोघांनीही कोरला होता, असं त्यांनी सांगितलं. भाऊ त्या दिवसापासून एकत्र आहेत. साडूंशी दोघेही बोलत नाहीत.

आता त्यांच्या कौशल्याबद्दल. साडू नकाशापेक्षा साखर कारखान्यांवर जास्त भरवसा ठेवत. गाळप हंगामात धुराडी पेटलेली असली की वारा कुठून आहे हे धुरावरून कळतं, आणि कोणता कारखाना कुठं हे तर या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. "आपल्याला यंत्र लागत न्हाय, मळीच्या वासावर मी बारामती गाठतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते असेच निघाले आणि कारखान्यानं आदल्याच दिवशी हंगाम गुंडाळलेला. धूर नाही, वास नाही, रांगेत ट्रॅक्टर नाहीत. वरून सगळी धुराडी सारखीच दिसू लागली. परक्या कारखान्याला आपला समजून ते सफाईनं वळले आणि जिथं धावपट्टी दिसायची तिथं त्यांना उजनी धरणाचं पाणी दिसलं. रेडिओवरून प्रशिक्षकानं त्यांना परत आणलं आणि बरेच दिवस एकट्यानं उडायला बंदी घातली.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. साडू कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहिले. सभासद उसाच्या दरावरून घसा फोडत होते, आणि आमचे साडू माइक हातात घेऊन म्हणाले, "चेअरमनसाहेब, हंगाम बंद करताना सभासदांना आगाऊ कळवत जा. आणि धुराड्यावर कारखान्याचं नाव लिहा, वरनं दिसंल आसं." मागून कोणीतरी ओरडलं, "आरं कॅप्टन, दराचं बोल की!" मंडपभर हशा. मी इंदापूरला राहतो, माझा त्या कारखान्याशी संबंध नाही, तरी पुढचे कित्येक दिवस लोक मला थांबवून विचारत, "सर, तुमच्या साडूंचं धुराडं रंगवलं का?"

अशा माणसानं धंदेवाईक वैमानिकांना नावं ठेवू नयेत, असं आपल्याला वाटेल. जावई सुट्टीवर आला की जेवणाच्या पानावर हाच विषय. "तुमी बटनं दाबता. विमान आपलं आपण जातं. तुमी पगारासाठी वर जाता, आमी जीव लागला म्हणून जातो." जावई शांत मुलगा, भाकरी चुरता चुरता म्हणायचा, "मामा, मी आठवड्यात जेवढा उडतो तेवढे तुम्ही वर्षात उडत नाही. हात सरावाचा असावा लागतो." मी अर्थातच जावयाच्या बाजूनं. एखादं काम रोज करणाऱ्याला ते जास्त चांगलं येतं, यासाठी मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. हौशी न्हाव्याकडून दाढी करून घ्यायला साडूही तयार होणार नाहीत. पण एकदा जावई भाकरी बाजूला ठेवून बोलला. "मामा, मला हौशी माणसाची भीती वाटते ती वेगळ्या कारणानं. चूक करायला निघालो तर मला शेजारचा सहवैमानिक थांबवतो, कंपनी थांबवते, नियम थांबवतात. तुम्हाला तुमच्याच हौसेपासून कोण थांबवणार?" साडूंनी रश्शाचं पातेलं पुढं ओढलं, आणि आक्कांकडं बघितलं.

कारण त्यांची खरी हौस आक्का होत्या. आक्कांचं आणि माझ्या बायकोचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा आक्का परकरातून नुकत्याच साडीत आल्या होत्या. भर उन्हाळ्यात धरण उतरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. साडूंनी ती एकदा वरून पाहिली आणि तेव्हापासून एकच धोशा लावला, "तुला दाखवायचंय. गल्ल्या दिसतात गं. तुमच्या घराची वळणाची गल्ली मला दिसली." आक्का विमानाला घाबरत. त्या जत्रेतल्या पाळण्यातही कधी बसल्या नव्हत्या. वर्षामागून वर्षं त्या नाही म्हणत राहिल्या. मागच्या एका मे महिन्यात, पाणी कधी नव्हे इतकं उतरलेलं असताना, त्या एकाएकी म्हणाल्या, "बरं. एकदाच."

सकाळी आम्ही सगळे विमानतळावर. साडू चार पट्ट्यांत. आक्का नव्या साडीत, हातात ओटीचं सामान. गावावरून जाताना खाली टाकता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी ते नुसतंच मांडीवर घेऊन बसायचं ठरवलं होतं. माझ्या बायकोनं त्यांचा हात धरलेला. विमान तपासून झालं. आणि कॅप्टन इंदापूरच्या दिशेला तोंड करून उभे राहिले ते हलेनात. तिकडं क्षितिजाशी किंचित पिवळट होतं. मला तर ते ऊनच वाटलं. जावयानं फोनवर हवामान पाहिलं. "ठीक आहे मामा. पटकन जाऊन येता येईल."

"तू जाऊन येशील," साडू म्हणाले. "मी जाऊ नये."

"अहो, आता काय झालं?" आक्का म्हणाल्या. "मी रात्रभर जागी आहे. मनाची तयारी करून आलेय मी."

"म्हणूनच." साडूंनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "मला आज लई जायचंय. इतकं जायचं असलं की माणसाला आभाळ दिसत न्हाय, त्याला नुसतं जायचंच दिसतं. न्हाय जायचं आज."

आम्ही चिडलो. मी तर मनातल्या मनात त्यांना आणखी एक पट्टा बहाल केला. आणि त्या दिवशी वावटळ, वळीव, काही म्हणजे काही आलं नाही. आभाळानं आमच्या साडूंची दखलच घेतली नाही. प्रशिक्षणातली एक मुलगी त्याच दिशेला जाऊन आली आणि आमच्यासमोर वडापाव खात उभी राहिली. परतताना जीपमध्ये जावई, मागच्या सीटवर माझ्याशेजारी, हळूच म्हणाला, "काका, मी गेलो असतो. मामींनी इतक्या वर्षांनी हो म्हटलंय म्हणून गेलो असतो."

पुन्हा दिवस ठरेपर्यंत पावसाळा लागला, धरण भरलं, गाव परत खाली गेलं. दिवाळीनंतर परवान्याच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना साडूंच्या हृदयाचा ठोका आवडला नाही. परवाना गेला. सदरा कपाटात गेला. आता बारामतीची शिकाऊ विमानं लासुर्ण्यावरून जातात तेव्हा साडू अंगणात उभे राहून "लई खाली, लई खाली" असं ओरडतात, आणि शेजारचे लोक घाबरून वर बघतात. जीप अजूनही इंडिकेटरशिवाय हलत नाही.

यंदा उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरलं. जावई म्हणाला, संस्थेतल्या एका प्रशिक्षकाला सांगून मामींना वरून फिरवून आणतो. आक्का म्हणाल्या, "नको बापू. यांच्याबरोबर गेले असते." मग आम्ही चौघं जीपनं काठावर गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, लांबवर जोत्यांचे दगड, मधे बगळे. आक्कांनी तिथंच ओटी ठेवली. बहिणी एकमेकींना काही दाखवत होत्या, पण इतक्या खालून सगळे दगड सारखेच होते.

साडूंनी उजवा हात पुढं केला, तळवा सपाट, विमान करतात लहान मुलं तसा. "हे बघ. हितनं यायचं, नदीच्या कडंनं. देऊळ ठेवायचं उजव्या अंगाला. हळू. आता वळायचं, म्हंजी गल्ली खाली येती." आणि त्यांनी तळवा उजवीकडं कलता केला.

आक्कांनी घट्ट डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली.