ताईचे तीस धडे उतरवताना

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिताना चुकलो तर सांगणारं घरात कोणी नाही. कॉम्प्युटरवर चुकलो तर मात्र अख्खं घर आहे!

ताईची नर्सिंगची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. क्लासने तीस धड्यांच्या व्हिडिओंची लिंक दिली, आणि ती रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. मी श्रीरामपूरच्या होस्टेलवरून जुना लॅपटॉप (बॅटरी मेलेली) घेऊन गावी आलो आणि जाहीर केलं, "मी पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, स्क्रिप्ट लिहितो. एक आज्ञा, तीस फायली!"

"आज्ञा कुनाला?" आबांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं.

"लॅपटॉपला."

"मंग बरंय. घरात दुसरं कोन ऐकतं तुझं?"

पहिली आज्ञा 'इन्व्होक-वेबरिक्वेस्ट'. ती फाईल उतरवताना किती टक्के झालं याची पट्टी दाखवते. सगळं घर पट्टीसमोर बसलं, शेजारच्या काकूसुद्धा! पहिला धडा नव्वद टक्क्यांवर आला आणि लाईट गेली. आली, तर पुन्हा शून्य. असं चारदा! ताईला पहिल्या धड्याचं नाव तोंडपाठ झालं. धडा काही आला नाही.

मग मी 'वेबक्लायंट' ही वेगवान पद्धत घेतली. ती पट्टीबिट्टी दाखवत नाही, मुकाट काम करते. आबांना वाटलं, यंत्र झोपलं. त्यांनी प्लग काढून आपला मोबाईल चार्जिंगला लावला!

शनिवार असा गेला. ताईने वह्या पिशवीत भरून ठेवल्या, तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो.

एवढ्यात आई शेतातून आली, चिखलाच्या पायांनी.

"लाईट गेली की परत पयल्यापासून?"

"व्हय."

"आरं, कांद्याला पानी देताना लाईट गेली, तर परत पयल्या वाफ्यापासून देते का मी? जिथं तुटलं, तिथनं धरायचं!"

अशी पद्धत खरोखरच आहे; तिचं नाव 'बिट्स'. मी ती वाचली होती आणि अवघड वाटली म्हणून पान उलटलं होतं.

रविवारी लाईट तीनदा गेली, पण फायली तुटल्या जागेवरून पुढे चालत राहिल्या. साडेपाचला पडद्यावर उमटलं, सगळं आलं! मी ऐटीत फोल्डर उघडला. रिकामा!

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने शांतपणे विचारलं, "पाव्हना आला म्हनतोस ना? मंग 'आत या' म्हनलास का त्याला? का दारातच उभा हाय बिचारा?"

मी कपाळावर हात मारला. बिट्स फायली आणते, पण शेवटची 'पूर्ण कर' ही आज्ञा मिळेपर्यंत हाती देत नाही. मी ती द्यायलाच विसरलो होतो! दिली, आणि तीसच्या तीस धडे हजर. सहाला वीस मिनिटं होती.

परीक्षा झाली. होस्टेलवर मी निकालाची वाट बघत राहिलो. कोणाचाच फोन नाही. शेवटी मीच आबांना लावला.

"आबा, ताईचं काय झालं?"

"आं? पास झाली की ती! परवाच पेढे वाटले. तुला कोनी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई."

"लई कौतुक झालं गावात. तायडी समद्यांना सांगत हुती, आईनं फायली उतरवून दिल्या म्हनून!"

"खरंय, आबा," मी म्हणालो. टायपिंग तेवढं माझं होतं.