दोन जावा चालत निघाल्या

शनिवार-रविवार आला की पुण्याची माणसं आमच्या माळावर चालायला येतात. निमगाव केतकीच्या अलीकडं आमची वस्ती आहे. घरामागं डाळिंबाची बाग, बागेमागं कॅनॉलचा फाटा आणि फाट्यापलीकडं नजर जाईल तिथवर गवत. मेंढरं आणि हरणं सोडली तर तिकडं कुणी हौसेनं गेल्याचं मला आठवत नाही.

हा शोध लावला माझ्या पुतण्यानं, म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या मुलानं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो आणि आठवडाभर बसून कंटाळा आला की डोंगर चढतो. सगळे गड-किल्ले चढून झाल्यावर त्याला आपलं गाव आठवलं. फोनवर त्यानं एक निळी रेघ आखली. आमच्या अंगणातून निघायचं, माळ तुडवायचा, वनखात्याच्या झाडीतून टेकाडावरच्या पडक्या देवळापर्यंत जायचं आणि जेवायला परत आमच्याच अंगणात यायचं. देऊळ कुणाचं आणि कधीचं, हे कुणालाच माहीत नाही. आमच्याकडं पडकं काही दिसलं की ते एकतर हेमाडपंती असतं, नाहीतर राक्षसांनी एका रात्रीत बांधलेलं. डागडुजीला मात्र राक्षसांनाही सवड झालेली दिसत नाही.

मंडळी येतात ती लढाईला निघाल्यासारखी. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, टोपीला मागून पदर. परत आल्यावर त्यांना पिठलं-भाकरी लागते आणि तीही चुलीवरची. आमच्या घरात गॅस येऊन जमाना झाला, पण पाहुण्यांसाठी जाऊबाई आणि मी पुन्हा चूल मांडली. आम्ही धुरानं डोळे पुसायचो आणि ते धुराचे फोटो काढायचे.

अशाच एका रविवारी एक मुलगी जाऊबाईंजवळ येऊन बसली. "काकू, किती नशीबवान आहात हो तुम्ही! रोज हे सगळं बघता."

"व्हय व्हय," म्हणत जाऊबाईंनी भाकरी उलटली.

गाड्या गेल्यावर भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "लगीन होऊन आल्यापासनं ते देऊळ मी गच्चीवर कुरडया घालताना बघती. पण जवळनं एकदाबी बघितलं न्हाय गं."

मीही कुठं बघितलं होतं? बाईमाणसाचं माळावर काय काम? पूर्वी सरपणासाठी अलीकडच्या कडेपर्यंत तरी जायचो, गॅस आला आणि तेही बंद पडलं. सुधारणेनं आमची तेवढी वाट बंद केली आणि पुतण्याची चालू केली.

त्यातून दिवाळी झाली की पुतण्या त्यांना पुण्याला नेणार होता. दीर गेल्यापासून त्याचा हाच धोशा होता, आणि आता ठरलंच होतं. एकदा तिकडच्या उंच इमारतीत गेल्यावर कुठला माळ आणि कुठलं देऊळ! पुढच्या खेपेला त्या मुलाला म्हणाल्या, "मलाबी ने की एकदा."

तो हसला. वाईट मुलगा नाही तो, पण हसला. "आई, तुला नाही झेपणार. गुडघे बघ तुझे. तू जेवणाचं बघ ना, सगळे तुझ्या भाकरीसाठीच तर येतात."

डाळिंबाच्या पाट्या डोक्यावर वाहून ज्या बाईनं याला इंजिनिअर केला, तिला म्हणे झेपणार नाही! मला इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली. ती मी मुद्दाम त्याच्याच ताटात वाढली. त्यानं तिचाही फोटो काढला.

"जाऊबाई, मंगळवारी जायचं," मी रात्री सांगून टाकलं.

"कुणासंगं?"

"माझ्यासंगं. आणि कुणाला बोलायचं न्हाय."

मंगळवारी सकाळी आमचे हे बागेत फवारणीला गेले आणि आम्ही निघालो. जाऊबाईंनी साडीखाली मुलाचे टाकून दिलेले बूट घातले होते. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. फाटा भरून वाहत होता, त्यामुळं पुलापर्यंत डांबरी रस्त्यानं जाणं भाग होतं. पुण्याची माणसंही तिथूनच जातात, पण त्यांच्या हातात काठ्या असतात, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नाही.

पहिला थांबला दूधवाला. "काय झालं? एसटी चुकली व्हय?"

"न्हाय, चालतोय," मी म्हणाले.

"चालताय ते दिसतंय की. पण झालंय काय?"

"कायबी न्हाय. सहज चालतोय."

दुधाचे कॅन मागं सरकवून त्यानं जागा केली. आम्ही बसत नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. जरा पुढं गेलो तर डाळिंबाच्या क्रेटचा टेम्पो थांबला, मग ट्रॅक्टर, मग शाळेची रिकामी व्हॅन. आमच्या भागात तहानलेल्याला पाणी मिळायला एखादवेळी उशीर होईल, पण चालणाऱ्याला गाडी मिळायला होत नाही. नको म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. पुलाजवळ बाजारातले किराणावाले चाचा स्कूटरवरून उतरले आणि आवाज खाली करून म्हणाले, "वैनी, घरात काय झालं असंल तर राग डोक्यात धरू नका. मी बोलतो तात्यांशी."

तात्या म्हणजे आमचे हे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन जावा भांडल्या तर गावाला नवल वाटत नाही. पण दोन जावा एकमेकींचा हात धरून, पिशवी घेऊन, घराकडं पाठ करून चालल्या आहेत, म्हणजे आत काहीतरी भयंकर घडलेलं असणार.

पूल ओलांडून आम्ही माळात शिरलो. गवत पिकून पिवळं झालं होतं आणि कमरेला लागत होतं. कुसळं साडीत घुसून पोटऱ्यांना टोचायला लागली. तिकडून एक मेंढपाळ आला आणि लांबूनच ओरडला, "काय हारावलंय?"

आता मला नकार द्यायचा वीट आला होता. "शेळी!" मी ओरडून सांगितलं.

त्याचा चेहरा एकदम खुलला. दिवसभरात आमचं उत्तर पटलेला तो पहिला माणूस. "कसल्या रंगाची?"

"काळी," जाऊबाई म्हणाल्या. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यांनी भर घातली, "एक कान तुटकाय."

बिचारा कुत्री घेऊन ओढ्याकडं शोधायला पळाला, आणि पळता पळता फोन कानाला लावून तुटक्या कानाची शेळी त्यानं चार वस्त्यांना कळवली. आम्ही दोघी गवतात बसून तोंडात पदर कोंबून हसलो. जाऊबाईंना असं हसताना मी दीर गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

हसू वनखात्याच्या झाडीत संपलं. पाणी अडवायला खणलेले चर तिथं एकामागून एक आडवे येतात. पहिला कसाबसा ओलांडला. दुसऱ्यात जाऊबाई बसल्या आणि घसरतच खाली गेल्या. वर येताना त्यांचा गुडघा इतका कळवळला की त्यांनी माझा दंड करकचून धरला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी खरंच घाबरले. इथं काही झालं तर पुतण्याला काय तोंड दाखवू?

"जाऊबाई, बघितलं एवढं बास. माघारी फिरू."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं त्या फक्त कांदा हलका तोलणाऱ्या व्यापाऱ्याकडं बघतात. "तू जा. मी येती."

मी कुठली जाते! पुढचे चर आम्ही दोघींनी बसून, घसरून, एकमेकींना ओढून पार केले. ते बघायला पुण्याचं कुणी नव्हतं, हे बरंच झालं.

देवळात देव नव्हता. शिखर ढासळलेलं, सभामंडपात चार खांब, दगडी चौकट तेवढी शाबूत. कोपऱ्यात पाहुण्यांनी टाकलेली वेफरची पाकिटं होती. निसर्गावर त्यांचं फार प्रेम. जाऊबाईंनी आधी ती गोळा केली, उंबऱ्याला हात लावून कपाळाला टेकवला आणि चौकटीत बसल्या. वारा सुटला होता. सगळा माळ खाली पसरलेला, गवतावरून लाटा जात होत्या आणि लांब झाडांच्या रेघेत एक पांढरा ठिपका दिसत होता.

"ते काय गं?"

"घर आपलं."

त्यांनी कपाळावर हात धरून त्या ठिपक्याकडं निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "एवढंसं हाय व्हय?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी फडक्यातली भाकरी सोडली.

आम्ही जेवतोय तोवर झाडीला वळसा घालून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज गवतातून आला. आमचे हे येत होते. अंगावर फवारणीचा जुना शर्ट तसाच होता. त्यांना एकाच तासात दोन बातम्या लागल्या होत्या. बायका घर सोडून गेल्या आणि देवळाकडच्या माळात शेळी हरवली. पहिली बातमी त्यांना एकवेळ पटली असती. पण आमच्याकडं शेळीच नाही, आणि त्यामुळं ते जास्त घाबरले होते. त्यांनी पुतण्याला फोन करून ठेवला होता, तो आत्ताही चालूच होता. त्यांनी फोन जाऊबाईंच्या हातात दिला.

पुतण्याचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. "आई, अगं तिथं का गेलीस? तिथून हलू नकोस. काका गाडीवरून आणतील. तुला काही झालं असतं म्हणजे?"

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हायचं ऱ्हायलं हुतं तेच झालं बघ, बाळा."

 त्यांनी फोन ह्यांना परत दिला, गुडघ्यावर हात टेकवून उठल्या आणि उतरायला लागल्या. ह्यांनी गाडी सुरू केली, एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गाडी बंद केली. मग गाडी ढकलत ते त्यांच्या मागून चालायला लागले. वहिनींच्या पुढं जायचं नाही म्हणून फार हळू.