परभणीच्या मैदानावर भेगा नव्हत्या

परवा माझ्या नातीनं, सईनं, मला हॉकीचा एक सिनेमा दाखवला. कुणी खिजगणतीत न धरलेली टीम, कडक कोच, मध्यंतरात त्याचं लांबलचक भाषण आणि शेवटच्या मिनिटाला गोल. सई रडली. मी संतापलो. "आजोबा, सिनेमाच आहे तो," ती म्हणाली. सिनेमा आहे हे मलाही कळतं. पण मैदानावर जीव तोडून खेळलं की बाहेरचं सगळं आपोआप नीट होतं, ही थाप मला या वयात कुणी मारू नये. माझा आवाज फारच चढला तेव्हा सईनं आपला प्रवासाचा ब्लॉग उघडून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "ओरडू नका. लिहा."

तर वाचकहो, इथे एरवी तुम्हाला किल्ले आणि लेणी वाचायला मिळतात. आज वालूर ते परभणी. बैलबंडीनं आणि रेल्वेनं, निजामाच्या राज्यात, हॉकी खेळायला.

आम्ही निघालो का, ते आधी सांगतो. वालुरात मन्मथअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. तरुणपणी ते सिकंदराबादच्या छावणीला माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. तिथे गोऱ्या सोल्जरांची हॉकी त्यांनी तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून पाहिली आणि गावी परतल्यावर आम्हा पोरांना शिकवली. सुतार बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून स्टिका करून द्यायचा. चेंडू बांबूच्या बुडख्याचा.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं गायरान. काळी जमीन. शिमगा झाला की तिला अशा भेगा पडायच्या की गुडघ्यापर्यंत पाय आत जावा. चेंडू भेगेत पडला की कडब्याचं धाट घेऊन पालथं पडायचं आणि तो उकरून काढायचा. म्हणून अप्पांनी आम्हाला पहिल्या दिवसापासून चेंडू उचलायला शिकवलं. भेग दिसली की स्टिक खाली घालायची आणि चेंडू अलगद पलीकडच्या गड्याकडे टाकायचा. यात हबीबचा हात धरणारा कुणी नव्हता. तो बांगड्या भरणाऱ्या मणेराचा मुलगा, आमचा फॉरवर्ड आणि माझा जिवलग मित्र.

त्या वर्षी तालुक्याहून एक अंमलदार आले. गायरान एका आडत्याला ज्वारीची पोती रचायला द्यायचं घाटत होतं. अप्पा हात जोडून समोर गेले. आम्ही मागे उभे. अंमलदारांना आमच्या त्या वाकड्या काठ्या बघूनच हसू फुटलं.

"परभणीवालों से हारे बिना वापस आओ," ते म्हणाले, "मैदान तुम्हारा."

परभणीची टीम जिल्ह्यात नावाजलेली होती, पण चारचौघांत दिलेला शब्द होता. अप्पांनी तो खरा मानला. दुकानदार माणूस, उधारीही तोंडी शब्दावर देणारा. मला त्या अंमलदाराचा राग आजही येतो, आणि सईची आई म्हणते तसं बीपीही वाढतं. वाढू दे.

पहाटे दोन बंड्या जोडल्या. रेल्वे सेलूहून पकडायची. आज वालूरहून सेलूला जायला एसटी आहे, डुलकी लागायच्या आत पोचाल. आम्हाला ऊन डोक्यावर आलं. वाटेत ओढ्याच्या काठी, चिंचेखाली फडकी सोडली. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बंडीनं कुणी आता जाणार नाही, पण गेलात तर खाली कडबा जाड अंथरा, नाहीतर सेलूपर्यंत कंबर शिल्लक राहत नाही. आणखी एक सूचना त्या काळाची: कनवटीला निजामाचा हाली सिक्का ठेवायचा. माझ्या काकांनी प्रेमानं दिलेला इंग्रजी रुपया तिकिटाच्या खिडकीवरच्या बाबूनं असा मागे ढकलला, जणू तो खोटा होता आणि मीच घरी पाडला होता.

गाडीच्या थर्ड क्लासात उभं राहायला जागा मिळाली, त्यातही आमच्या स्टिका लोकांच्या बरगड्यांना लागत होत्या.

"गुरं हाकायला निघालाव का रं?" बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"न्हाई काका," हबीब म्हणाला, "परभणीला हरवायला चाललाव."

सगळा डबा हसला. म्हातारा हसला नाही. "अन् तुमीच हरलाव तर?"

हबीबनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हरलाव तर खेळायला जागाच न्हाई ऱ्हायची, काका." म्हाताऱ्यानं सरकून हबीबला बसायला जागा दिली.

परभणीत अप्पांच्या मेव्हण्याच्या दुकानाच्या ओसरीवर मुक्काम. जेवण उत्तम, वरून स्टेशनजवळची गरम भजी. परभणीच्या भज्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार इथून पुढे सुरू होते.

सकाळी मैदान पाहिलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मुरूम टाकून रोलर फिरवलेला. पांढऱ्या चुन्याच्या रेघा. आमच्या घरातली जमीन सारवूनही इतकी सपाट होत नसे. समोरची पोरं पायात बूट घालून पळत होती.

सामना सुरू झाला. मी चेंडू अडवला आणि सवयीनं हबीबकडे उचलून टाकला. शिट्टी! हबीबनं पुढे उचलला. शिट्टी! कुणाच्या अंगाजवळून गेला नव्हता, आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी शिट्टी. पंच जाडजूड होता, आणि चेंडू वीतभर वर गेला की त्याचे गाल फुगायचे. आम्ही उचलायचो, तो वाजवायचा आणि चेंडू त्यांना मिळायचा. कडेला जमलेली माणसं प्रत्येक शिट्टीला टाळ्या पिटत होती. मध्यंतराच्या आत दोन गोल चढले.

अप्पा रेघ ओलांडून आत गेले. "साहेब, उचलल्याला गुन्हा न्हाई. कुणाला लागण्यासारखा असंल तर गुन्हा. आमी छावणीत पाहिलंय."

"किधर से देखे?" पंचानं विचारलं.

"तारेच्या भाईरून," अप्पा खरं तेच बोलले.

लोक खो खो हसले. "बाहर से ही देखो," पंच म्हणाला. "हमारे मैदान पे गेंद ज़मीन पे चलती."

सिनेमात आता भाषण असतं. मागे वाद्यं वाजतात. आमच्या अप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि मध्यंतरभर त्या मैदानावर अनवाणी फिरले, पाय घासत, टाचेनं दाबून बघत. परत आले आणि एवढंच म्हणाले, "हितं भेगा न्हाईत, लेकरांनो. उचलायचं कामच न्हाई. खालून खेळा."

इतकं साधं होतं ते, आणि आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही चेंडू जमिनीवरून पळवला आणि तो कुठंच अडकला नाही! पायातल्या बुटांसकट ती पोरं मागे मागे सरकली. माझ्या पासावर आमचा एक गोल झाला, सरपटत, अगदी जमिनीवरून. पंचाला शिट्टी गोलासाठी वाजवावी लागली. टाळ्या पिटणारे हात खाली आले. आता फक्त बरोबरी हवी होती. हरायचं नव्हतं, एवढाच तर शब्द होता.

आणि अगदी शेवटी हबीब एकटा पुढे निघाला. गोलकीपर त्याच्या पायावर झेपावला, आडवा पसरला. हबीबच्या पुढ्यात आडवं काहीतरी आलं, आणि त्याच्या हातांनी तेच केलं जे आमच्या गायरानावर त्यांनी हजारदा केलं होतं. चेंडू कीपरवरून अलगद उडाला, खांबांच्या मधोमध आत गेला.

शिट्टी. गोल नाही.

मी पंचाच्या अंगावर धावून गेलो. अप्पांनी मला कंबरेला धरून मागे ओढलं. हबीब गोलासमोर उकिडवा बसून आपल्या हातांकडे बघत होता.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. गाडीला गर्दी कमी होती. मेव्हण्यानं बांधून दिलेल्या दशम्या कुणी सोडल्या नाहीत. मी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि हबीब मला एकच वाक्य बोलला.

"बळ्या, माझ्यामुळं गेलं रं मैदान."

"गप ऱ्हा," अप्पा म्हणाले. "हात मी शिकवले तुझे."

दिवस कलता बंड्या गावाजवळ आल्या. वळणावरून गायरान दिसतं. तिथे पोतीच पोती होती. ज्वारीच्या थप्प्या रचलेल्या, भोवती काटेरी फांद्यांचा फास, एका थप्पीच्या सावलीत राखणदार बिडी ओढत बसलेला.

अप्पा खाली उतरले. "कवा आली ही पोती?"

"तुमी गेलाव त्याच दिशी की," राखणदार म्हणाला. "तुमच्या बंड्या वेशीभाईर पडल्या न् गाड्या यायला लागल्या. सायबानं आदीच सांगून ठिवलं हुतं." मग त्यानं चांगुलपणानं विचारलं, "जिंकलाव का?"

म्हणजे आम्ही ओढ्याकाठी धपाटे खात होतो तेव्हा मैदान गेलेलं होतं. गाडीतला तो म्हातारा सरकून जागा देत होता तेव्हा गेलेलं होतं. शिट्टी वाजवणारा पंच, टाळ्या पिटणारे लोक, हबीबचा उडालेला चेंडू, कशाचाच काही संबंध नव्हता. आम्हाला गावातून बाहेर काढण्यासाठी साहेबानं तो शब्द दिला होता. आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर दिवसभर आपल्याच हातांना दोष देत आलं होतं. ही चीड माझ्या मनातून गेली नाही. निजाम गेला, ते अंमलदारही गेले असतील. चीड आहे तिथे आहे.

मागच्या वर्षी सई मला वालूरला घेऊन गेली. तिथली दगडी बारव जरूर पाहा, पायऱ्या सुरेख आहेत. गायरानावर आता घरं आहेत. सईनं फोटो काढले आणि विचारलं, "आजोबा, इतक्या वर्षांनी तरी राग सोडावा ना?" मी म्हटलं, नाही. त्या सगळ्या प्रवासातून मी तेवढंच घरी आणलं होतं. तेवढं आणि त्या संध्याकाळचं हे एक.

राखणदारानं 'जिंकलाव का' विचारलं तसे अप्पा सरळ पुढे झाले. फासाची एक फांदी त्यांनी पायानं बाजूला केली आणि आम्हाला आत घेतलं. अर्ध्या पोरांना थप्पीच्या पलीकडे पाठवलं. मग अंगरख्याच्या खिशातून चेंडू काढून हबीबच्या पुढ्यात, एका भेगेच्या काठावर ठेवला.

"उचल," अप्पा म्हणाले.

थप्पी दोन पुरुष उंच होती. हबीबनं स्टिक खाली घातली. चेंडू वर गेला, पोत्यांवरून पलीकडे गेला, आणि पलीकडून कुणीतरी तो पुन्हा इकडे उचलला. राखणदार बिडी विझवून उभा राहिला. बराच वेळ तो नुसताच बघत राहिला आणि शिट्टी कुणीच वाजवली नाही.